नदी आहे, नावाडी गेले

फ्रान्स म्हटले की पॅरिस आणि आयफेल टॉवर डोळ्यांपुढे येतात. पण या देशाच्या नैर्ऋत्य भागात, काओर शहराच्या पूर्वेला, लोत नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर सँ सीर लापोपी हे मध्ययुगीन गाव उभे आहे. मोटार गावाबाहेर ठेवायची आणि दगडी चढ चढायचा. कमानदार दारे, लाकडी चौकटींच्या भिंती, तपकिरी कौलांची उतरती छपरे... पाहुणा हरखून जातो. मग हळूच प्रश्न पडतो, इथे राहते तरी कोण?

हे गाव काही शोभेसाठी वसले नव्हते. सरदार घराण्यांनी नदीवर नजर ठेवायला इथे किल्ले बांधले. आता त्यांचे भग्न अवशेष उरलेत. तळमजल्यांवर कातारी बसत आणि कठीण लाकडापासून पिंपांच्या तोट्या कातत. काओरची मद्ये नावांतून बोर्दोकडे जात. नावा प्रवाहाविरुद्ध दोरांनी ओढता याव्यात म्हणून १८४०च्या दशकात नदीकाठचा कडा पोखरून वाट काढली गेली. ती आजही पायी तुडवता येते. पण आगगाडी आली, नावा थांबल्या, आणि गावाचा रोजगारही हळूहळू आटला.

१९५० साली कवी आंद्रे ब्रतों इथे आला आणि गावाच्या प्रेमातच पडला. पुढच्याच वर्षी त्याने नावाड्यांची जुनी खानावळ राहण्यासाठी विकत घेतली आणि १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे उन्हाळे तिथे काढले. २०१२ साली टीव्हीच्या प्रेक्षकांनी याच गावाला फ्रान्सचे आवडते गाव म्हणून कौल दिला.

या कौतुकाची दुसरी बाजूही आहे. गावात माणसे जेमतेम दोनशे आणि वर्षाकाठी पाहुणे लाखो! घरांची डागडुजी त्यांच्याच पैशांवर होते, पण उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात बहुतेक दारे बंद असतात. पाहुणे आले नाहीत तर गाव ढासळेल, फारच आले तर ते नुसते प्रदर्शन होईल.

म्हणूनच इथे तासाभरात फोटो काढून परतण्यापेक्षा एक रात्र मुक्काम करावा. स्थानिक कारागिराच्या हातची एखादी वस्तू घ्यावी, कुणाच्या खिडकीत डोकावू नये. सुंदर भिंती सरकारी कायद्याने राखता येतात. पण त्यांच्या आत चूल पेटती राहायची, तर येणाऱ्यालाही थोडे शेजारधर्माने वागावे लागते.