पाण्याची राखण

आज डोंबिवलीत नळाला पाणी आलं, तशी कोई माशांच्या हौदासाठी पिंपं भरली. क्लोरीन घालवणारं औषध टाकलं. क्लोरीन कल्ले जाळतं, गाळणीतले जिवाणूही मारतं. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात ते हेच जिवाणू. नायट्रेट साचत जातं, म्हणून आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा. सगळं पाणी एकदम कधीच नाही. अमोनिया तपासला. तपासणीच्या नळीतलं पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया नाही; जीव निवांत झाला.

ठाण्याच्या मासुंदा तलावाचं पाणी असं पिंपांनी बदलता येत नाही. तिथे काय जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हाती. निर्माल्य कलशातच टाकणारी माणसं मला म्हणूनच मोलाची वाटतात. तलावांचं शहर म्हणून मिरवायचं, तर त्यातल्या जिवांची जबाबदारीही आपलीच.