गच्चीवरचा माळ

खरं सांगायचं तर मी गेलो होतो चिंकारा बघायला. सोलापूर हायवेने चौफुला, तिथून उजवीकडे वळून सुपे. पुण्यापासून ७०-७५ किलोमीटर, म्हणजे रविवारी सकाळी निघून जेवायला घरी! मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. ना धबधबा, ना किल्ला. नुसता माळ.

पण ऑक्टोबरातल्या कोवळ्या उन्हात तो माळ बघाच. पवन्या, कुसळी, मारवेल.. वाऱ्याची झुळूक आली की सगळं सोनेरी गवत एकदम झुकतं. चिंकारा दिसला दोनच मिनिटं, गवताकडे मात्र मी तासभर बघत बसलो. अशा जमिनीला आपण बेधडक ‘पडीक’ म्हणतो!

परतताना मोज्यांत ही कुसळं! पण कुसळीची करामत भारी आहे. बियांना केसासारखी लांब शेपटी असते. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, सुकली की पुन्हा बसतो. तेवढ्यावर बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं.

अभयारण्यातून काडीही आणायची नसते. म्हणून सुप्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर थांबलो.

“मामा, मारवेलचा एक ठोंब द्याल?”

“गवत न्यायला पुण्यास्नं आलाय व्हय?” मामा हसले, पण मुळासकट ठोंब काढून दिला.

आमची गच्ची चौथ्या मजल्यावर, दिवसभर रणरणतं ऊन. तिथे गुलाबाने माझ्याकडून दोनदा हार खाल्ली होती. मारवेल मात्र रंगाच्या जुन्या बादलीत मस्त रुजला. शेजारी नर्सरीतला वाळा लावला. पुढच्या पावसाळ्यात कमरेएवढं गवत आणि त्यावर जांभळट छटेचे, बोटांसारखे तुरे!

आणि मग सोसायटीची चिठ्ठी आली. ‘गच्चीवरील तण आठ दिवसांत काढावे. साप येतात.’ चौथ्या मजल्यावर साप? मी सेक्रेटरी काकांना वर घेऊन आलो. भांडायच्या तयारीतच होतो. तेवढ्यात ठिपकेवाल्या मुनियांची जोडी आली. एकीने लांबलचक पातं ओढून काढलं आणि भुर्रकन खाली उडाली.. थेट काकांच्या बाल्कनीतल्या बोगनवेलीत!

काका बराच वेळ कठड्यावरून वाकून बघत होते. “दिवाळीपर्यंत राहू दे,” एवढंच म्हणाले. मीही कबूल झालो. नाहीतरी बी झडल्यावर गवत कापायचंच असतं, पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं. पुढच्या वर्षी काय, ते पुढच्या मीटिंगला कळेल. काकांच्या बोगनवेलीला मात्र यंदा कात्री लागलेली नाही.

तुम्हालाही लावायचंय?

• ऊन किमान सहा तास हवं. कुंडी फूटभर खोल, तळाला भोकं.

• माती, थोडी वाळू, खत अगदी कमी. जास्त खताने गवत लोळतं.

• कीटकनाशक नको. फुलपाखरांच्या कितीतरी अळ्या गवतावरच वाढतात.

• शोभेचं परदेशी फाउंटन ग्रास टाळा. हवाईत ते तणासारखं पसरलंय.

• कुसळी घरात नकोच. मोज्यांची दया करा!