धागा : ठाण्याला आलेली आगगाडी आणि लंडनमधला अदृश्य माणूस

ठाण्या-डोंबिवलीतल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे जून-जुलैत हमखास एक रांग दिसते. कोणाला शिष्यवृत्तीसाठी, कोणाला बँकेतल्या खात्यासाठी 'बोनाफाईड' हवे असते. शब्द शुद्ध लॅटिन आहे : बोना फिडे, म्हणजे सद्भावनेने, खोटेपणा न करता. रांगेतल्या कोणालाही तो परका वाटत नाही. मात्र ज्या रुळांवरून ही मुले रोज ये-जा करतात, ते रूळही अशाच लॅटिन शब्दांनी आणि कंपनी कायद्याच्या कागदांनी इथवर आणले, हे फारसे सांगितले जात नाही. हा धागा त्या कागदांविषयी आहे.

16 एप्रिल 1853 हा दिवस सर्वांना पाठ आहे. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास 14 डब्यांची गाडी सुमारे 400 पाहुण्यांना घेऊन निघाली आणि 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली. इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्या वर्षी, 1 मे 1854 रोजी, खाडी ओलांडून रूळ कल्याणला गेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचे नावही अनेकांना ठाऊक असते. 'ती गाडी कोणाच्या मालकीची होती?' हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ती सरकारची नव्हती. जगन्नाथ शंकरशेट यांचीही नव्हती. नानांचा जन्म मुरबाडचा, म्हणजे कल्याणच्याच परिसरातला. रेल्वेसाठी त्यांनी मुंबईत केलेली खटपट मोठी होती. तरीही मालक वेगळाच होता. त्याचे नाव 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी'. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने 1 ऑगस्ट 1849 रोजी तो जन्मला. त्याला हात-पाय नव्हते, पण तो जमीन बाळगू शकत होता, करार करू शकत होता, कोर्टात फिर्याद लावू शकत होता. अशा माणसाला कायद्याची भाषा 'पर्सोना फिक्टा' म्हणते, कल्पिलेली व्यक्ती. 'कॉर्पोरेशन' या शब्दातही 'कॉर्पस', म्हणजे देह, दडलेला आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना अवघड वाटण्याचे कारण नाही. देवस्थानाची जमीन देवाच्या नावावर असते आणि मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. पुजारी बदलतात, विश्वस्त बदलतात, जमीन देवाचीच राहते. कंपनीचे तत्त्व तेच : भागधारक येतील, जातील, मरतील, कंपनी राहील. फरक एवढाच की देवाला लाभांश वाटावा लागत नाही. ('कंपनी' या शब्दाच्या मुळाशी 'पानिस', म्हणजे भाकर, आहे. एकत्र भाकर खाणारे ते कंपनी. पंगत कोणाची आणि शिधा कोणाचा, हे पुढे येईलच.)

17 ऑगस्ट 1849 रोजी या नवजात कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. हा क्षण बारकाईने पाहण्यासारखा आहे. ठाण्याचा किल्ला 1774 च्या अखेरीस मराठ्यांच्या हातून गेला तो कोणा राजाच्या हाती नव्हे, एका व्यापारी कंपनीच्या हाती. लोक तिला 'कुंपणी सरकार' म्हणत. आता 75 वर्षांनी ती राज्यकर्ती कंपनी दुसऱ्या कंपनीला ठाण्यापर्यंत लोहमार्ग बांधायला सांगत होती. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण त्या काळी दुहेरी अर्थाने वापरण्याची सोय होती.

कराराची कलमे साधी आणि थंड होती. जमीन सरकार विनामूल्य देईल, 99 वर्षांच्या मुदतीने. कंपनीने भरलेल्या भांडवलावर सरकार 5 टक्के व्याजाची हमी देईल. गाडीला फायदा झाला तर ते व्याज फायद्यातून जाईल. कमी पडले तर उणीव सरकार भरून काढेल. 5 टक्क्यांवर नफा झाला तर अर्धा भाग आधी दिलेल्या व्याजाच्या फेडीकडे आणि अर्धा कंपनीकडे. धंदा नकोसा झाला तर कंपनी आगाऊ सूचना देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालून भांडवल परत मागू शकत होती. 25 किंवा 50 वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला.

'सरकार भरून काढेल' म्हणजे कोण भरून काढेल? हिंदुस्थानचा महसूल. म्हणजे शेतसारा, म्हणजे मिठावरचा कर. व्याज पौंडांत द्यायचे होते आणि 1870 च्या दशकापासून रुपयाचा भाव घसरत गेला. तेव्हा तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये गोळा करावे लागले.

याच काळात इथला कायदा इथल्या माणसाला काय देत होता, तेही पाहावे. हिंदुस्थानातला पहिला कंपनी कायदा 1850 चा. त्याने नोंदणीची सोय केली, पण मर्यादित जबाबदारी दिली नाही. धंदा बुडाला तर देणेकरी भागधारकाच्या घरापर्यंत येऊ शकत, असे लिहिणे चुकीचे ठरेल. येत ते घेणेकरी, आणि ते घरातली भांडीही मागू शकत. भागाच्या रकमेपुरतीच जबाबदारी, म्हणजे ज्याला आज पाटीवर 'लिमिटेड' लिहितात ते संरक्षण, 1857 च्या कायद्याने आले. बँकांना तर 1860 मध्ये. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या फाटकांवरचे 'प्रा. लि.' हे त्या कायद्याचे दूरचे वंशज. रेल्वेच्या लंडनवासी भागधारकाला मात्र मर्यादित जोखमीच्याही पुढचे काही मिळाले होते : जोखीमच नव्हती. 'काव्हेआट एम्प्टॉर', घेणाऱ्याने सावध असावे, हे बाजाराचे जुने लॅटिन सूत्र. इथे घेणारा निश्चिंत होता आणि सावध राहायला हवे होते त्याला, ज्याला कोणी विचारलेच नव्हते.

1872 मध्ये माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे हे उघडच सांगितले. व्याजाची हमी असताना आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत, याची भांडवलदाराला फिकीर नव्हती, अशा आशयाची त्यांची साक्ष आहे. रेल्वेचा खर्च अंदाजाबाहेर का जात असे, याचे याहून नेमके उत्तर क्वचितच सापडेल.

लगाम नव्हता असे नाही. लंडनच्या संचालक मंडळात सरकारचा एक 'एक्स ऑफिशिओ' संचालक बसे, म्हणजे पदसिद्ध, आणि त्याला नकाराधिकार होता. ठाण्याचे रूळ कसे टाकायचे यावर शेवटचा शब्द टेम्स नदीकाठचा होता.

दुसरा लगाम 'अल्ट्रा व्हायरीस' या सूत्राचा. शब्दशः 'शक्तीपलीकडे'. कंपनी ज्या कामासाठी जन्मली, त्यापलीकडचा तिचा करार मुळातच निर्जीव. गंमत अशी की हे सूत्र वाढले ते इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांच्याच खटल्यांतून. 1875 चा ॲशबरी खटला सर्वांत प्रसिद्ध : रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने बेल्जियममधल्या लोहमार्गाला पैसा पुरवण्याचा करार केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, एकूण एक भागधारकांनी मान डोलावली तरी हा करार जिवंत होणार नाही.

मुंबईला हा धडा त्याआधीच मिळाला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले, 1864-65 मध्ये शेअरांचे वेड लागले आणि 1 जुलै 1865 रोजी सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा सगळा डोलारा कोसळला. त्यानंतरच्या 1866-67 मधल्या जहांगीर मोदी विरुद्ध शामजी लद्धा या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एक तत्त्व मांडले : अधिकाराबाहेर जाऊन खर्चलेला कंपनीचा पैसा संचालकांनी भरून द्यावा, यासाठी भागधारक फिर्याद करू शकतो. कायदा शिकणारी मुले आजही हा खटला वाचतात.

पण बँक ऑफ बॉम्बेची कथा अधिक बोचरी आहे. शेअर तारण ठेवून कर्ज देण्यावर तिच्यावर बंधन होते. 1863 च्या कायद्याने ते सैल केले. मग तिने दिलेली कर्जे 'इंट्रा व्हायरीस', अधिकाराच्या आतली, झाली आणि त्या मर्यादेत राहूनच ती बुडाली. मर्यादा पाळली गेली की नाही, याइतकाच मर्यादा कोणी आखली हा प्रश्न महत्त्वाचा असतो. लॅटिन सूत्र दुसऱ्या प्रश्नाला हात घालत नाही.

आता पंगतीकडे. 1833 च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार थांबवला, पण तिच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याचे ठरले. म्हणजे 1853 च्या त्या दुपारी ठाण्याच्या मार्गालगत उभा राहून धुराकडे पाहणारा शेतकरी एकाच वेळी दोन कंपन्यांच्या लाभांशाला हातभार लावत होता, साडेदहा टक्क्यांच्या आणि पाच टक्क्यांच्या. त्याच्या नावावर दोन्हींपैकी एकाचाही भाग नव्हता.

1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य गेले, पण कंपनी गेली नाही. पर्सोना फिक्टा युद्धाने मरत नाही, तिला कायद्यानेच मारावे लागते. 1 जून 1874 रोजी ती संपली, तोवर लाभांश चालूच होता. जी.आय.पी.ची रेल्वे सरकारने 1900 मध्ये विकत घेतली. तरीही ती चालवण्याचे काम आणखी 25 वर्षे कंपनीकडेच राहिले. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईहून कुर्ल्याकडे पहिली विजेची गाडी सुटली तेव्हाही कारभार तिचाच होता. त्याच वर्षीच्या 30 जूनला तो संपला आणि ठाणे-कल्याणच्या रुळांचा कारभार पाहणारा लंडनमधला तो अदृश्य माणूस निघून गेला.