खाडा नसलेली खानावळ

आगाऊ पैसे भरून जेवायचे, ही गोष्ट मराठी माणसाला काही नवी नाही. पुण्यात शिकायला राहिलेल्या कित्येक पिढ्या मेसच्या कार्डावरच वाढल्या. महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात भरायचे, रोज कार्डावर खूण करून घ्यायची, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेसला सुट्टी. गावी जायचे झाले की आधी सांगून खाडा धरायचा. जेवढे खाडे, तेवढी जेवणे पुढे वाढवून मिळायची. पैसे घेतले म्हणून जेवलेच पाहिजे, असे कुणी म्हणत नसे. खाडा हा त्या सगळ्या व्यवहारातला माणुसकीचा भाग होता.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळ, अशीच एक भलीमोठी खानावळ चालते. फक्त तिथे खाडा धरत नाहीत.

ही खानावळ म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथले पहिले उद्यान, मॅजिक किंगडम, सुरू झाले. १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम अशी भर पडत गेली. सकाळी आत शिरलेले कुटुंब रात्रीची आतषबाजी पाहूनच बाहेर पडते, त्यामुळे दिवसभराचे खाणे तिथेच. म्हणून २००५ मध्ये कंपनीने जेवणाची योजना आणली. तिच्याच हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांनी खोलीबरोबरच जेवणाचेही पैसे आधी भरायचे. २०२० मध्ये कोविडमुळे ही योजना बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक सेवानिवृत्त जोडपे मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. मुलगा, सून, अकरा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू आणि हे आजी-आजोबा अशा सहा जणांनी चार रात्री डिस्नेला जायचे ठरले. योजना घ्यायची हे सुनेने ठरवले, आणि त्यामागचे कारण तिने नवऱ्याला एकट्याला सांगितले होते. आजी हॉटेलात गेल्या की मेन्यूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचत. आधी किंमत, मग पदार्थ. डॉलरचे रुपये मनातल्या मनात करून झाले की म्हणत, ''मला काही नको गं, सकाळचं पोटात आहे अजून.'' मागच्या भेटीत त्यांनी अशा तीन रात्री नुसत्या सूपवर काढल्या होत्या. पैसे आधीच भरून टाकले तर हा प्रश्नच मिटेल, असा सुनेचा हिशेब.

तो हिशेब आकड्यांत असा होता. २०२४ मध्ये या योजनेचे दोन प्रकार होते. स्वस्त प्रकारात दर रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणे आणि एक स्नॅक मिळे. दर मोठ्यांना ५७.०१ डॉलर. दुसऱ्या प्रकारात काउंटरवरचे एक जेवण, टेबलवर बसून वाढले जाणारे एक जेवण आणि एक स्नॅक. दर मोठ्यांना ९४.२८ डॉलर, तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना २९.६९ डॉलर. शिवाय हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येईल असा पेयाचा मग. तीन वर्षांखालच्या बाळाला काही पडत नाही, ते आईबापांच्या ताटातले खाते. दहा वर्षे पूर्ण झाली की मात्र मूल मोठ्यांत धरतात. म्हणजे अकरा वर्षांची नात आजोबांच्या बरोबरीची झाली! आणि एका खोलीतल्या सगळ्यांनी एकच योजना घ्यायची, असा नियम. पाच मोठे आणि एक लहान मिळून रात्रीला ५०१ डॉलर, चार रात्रींचे दोन हजारांच्या वर. त्या वेळच्या भावाने एक लाख सहासष्ट हजार रुपये. ही रक्कम आजींना कुणी सांगितली नाही, हे बरेच झाले.

पैशांच्या बदल्यात खात्यावर 'क्रेडिट' जमा होतात. या कुटुंबाच्या नावावर काउंटरची २४, टेबलची २४ आणि स्नॅकची २४ जमा झाली. एक क्रेडिट म्हणजे एक जेवण. मग तुम्ही बीफ स्टेक खा नाहीतर पालेभाजी. मेख आहे ती इथेच. काउंटरवरचे जेवण आणि पेय मिळून साधारण वीस डॉलर, स्नॅकचे सहा-सात धरले, तर उरलेले ६७ डॉलर टेबलवरच्या एका जेवणातून वसूल व्हायला हवेत. मांसाहारी आणि सोबत दारू घेणाऱ्या माणसाला ते जमू शकते. २०१८ पासून एकवीस वर्षांवरच्यांना पेयात दारूही घेता येते. भाजी-भात आणि लिंबाचे सरबत घेणाऱ्या माणसाला मात्र ते क्वचितच जमते. लहान मुलांचा दर तेवढा खरोखर फायद्याचा. थोडक्यात, शाकाहारी आजी-आजोबा घेऊन जाणाऱ्या घराने ही योजना हिशेबाने घेऊच नये. सुनेलाही हे कळत होते. ती पैसे भरत होती ते आजींचे 'मला काही नको' बंद पडावे म्हणून.

आणि ते बंद पडलेही. पहिल्याच दुपारी मुलाने सांगितले, ''आई, पैसे आधीच गेलेत. तू खाल्लंस काय, नाही खाल्लंस काय, परत मिळणार नाहीत.'' आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ''मग टाकायचं कशाला?'' त्यांनी चक्क सगळे मागवले.

पण एक चिंता गेली की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसते. आता घरात सगळ्यांना मोजण्याचा नाद लागला. उरलेल्या क्रेडिटची मुदत हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री संपते. सून पावतीच्या तळाशी छापलेली शिल्लक वाचून दाखवी. टेबलवरच्या दुपार-रात्रीच्या जेवणात डेझर्ट धरलेलेच असते, म्हणून प्रत्येकासमोर एकेक येई. पदार्थ पोट भरल्यावर येत आणि ताटे अर्धी भरलेली परत जात. अन्न टाकू नये, असे शिकवत आलेल्या आजी ते बघून कासावीस होत आणि नातवाच्या ताटातले आपल्या ताटात घेत.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह. घरी चहासुद्धा बिनसाखरेचा. इथे पहिल्या रात्री चॉकलेट केकचा तुकडा समोर आला तेव्हा त्यांनी आजींकडे पाहिले आणि म्हणाले, ''पैसे दिलेत अगं.'' पन्नास वर्षे काटकसर केलेल्या माणसाला याहून मोठे निमित्त कोणते हवे? दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत बोटाला सुई टोचून पाहिले, तर साखर बरीच वर. सून काही बोलली नाही. रात्री टेबलवर बसल्यावर तिने वेटर मुलीला शांतपणे विचारले, ''यांना केकच्या जागी फळं देता येतील?'' ती मुलगी हसून आत गेली आणि स्ट्रॉबेरी-कलिंगडाची बशी घेऊन आली. इतके सोपे होते. विचारायचे असते, हेच पैसे भरलेला माणूस विसरतो.

केकवरून आजोबा गप्प झाले असे घरच्यांना वाटले, पण ते गप्प होते ते दुसऱ्याच कारणाने. निघताना त्यांनी पुण्यात बँकेतून आठशे डॉलर घेतले होते. नातवंडांना अमेरिकेत एकदा तरी आपण जेवायला घालायचे, असे मनात होते. आपल्याकडे हॉटेलात बिल आले की कोण देणार यावरून ओढाताण होते; परके लोक बघून हसतात, पण तो वडीलधाऱ्यांचा मान असतो. इथे बिलावरून झटापट करायची सोयच नव्हती. मुलगा मनगटावरचा पट्टा यंत्राला लावी आणि काम होई. आजोबांचा हात खिशात जाई आणि तसाच बाहेर येई. चाळीस वर्षे ज्याने घर चालवले, त्याला चार दिवस नुसते पाहुणे होऊन बसणे किती जड जाते, ते मुलांच्या लक्षात येत नाही. त्यात मुलांचाही दोष नाही. त्यांना वाटते, आपण वडिलांना विश्रांती देतो आहोत.

वाट निघाली ती सिंड्रेलाच्या किल्ल्यात. मॅजिक किंगडमच्या मधोमध उभ्या असलेल्या या किल्ल्यात वरच्या मजल्यावर जेवायला मिळते. तिथे माणशी टेबलची दोन क्रेडिट जातात, म्हणजे सहा जणांची एकाच बैठकीत बारा. सुनेने साठ दिवस आधी पहाटे उठून जागा राखून ठेवली होती. नात राजकन्यांबरोबर फोटो काढून आली, नातवाने तलवार नाही म्हणून तोंड फुगवले, आणि शेवटी चामड्याच्या पाकिटातून एक कागद आला.

''हे काय? पैसे तर दिलेत ना?'' आजींनी विचारले.

''जेवणाचे दिलेत, आई. टीप योजनेत नसते. सहा किंवा जास्त माणसं असली की ते अठरा टक्के आपणच लावतात.''

आजोबांनी हात पुढे केला. ''आण इकडे.''

''बाबा, राहू द्या. मी देतो.''

''अरे, आण म्हटलं ना!''

टीप जेवणाच्या पूर्ण किमतीवर लागते. तीनशे डॉलरच्या जेवणावर ५४ डॉलर, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आसपास. आणि किल्ल्यातले बिल त्याहून पुढे होते. एवढ्यात पुण्यात दहा माणसे जेवतील. आजोबांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नोटा मोजून पाकिटात ठेवल्या आणि वरचे सुटे परत घेतले नाहीत. उठताना त्यांची पाठ ताठ झालेली आजींनी पाहिली. त्या दिवसापासून टीप आजोबांची, हे घरात न बोलता ठरून गेले.

तिसऱ्या दिवशी सगळे अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना' या रेस्टॉरंटमध्ये गेले. २००९ मध्ये सुरू झालेले हे ठिकाण आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड देणारे आहे. मोठ्या काचांबाहेर गवताळ माळ, त्यावर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. दोन कालवणे निवडून भाताबरोबर खाता येतात, त्यात शाकाहारीही असतात. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे नान, कुलचा अशा रोट्यांची थाळी आणि सोबत आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, रायते, लसणाचे लोणचे अशी नऊ तोंडीलावणी. आजींना तेवढेच हवे होते. पण ही थाळी मुख्य जेवणात मोडत नाही, ती वेगळी पैसे देऊन घ्यायची. मुलगा काही म्हणायच्या आत आजोबांनी वेटरला दोन बोटे दाखवली. ''दोन आणा.'' लग्नाला एकावन्न वर्षे झाल्यावर बायकोला परदेशात हॉटेलात जेवू घालण्याचा योग! आजींनी लसणाचे लोणचे चाखून ''आपलं जास्त झणझणीत असतं'' एवढाच शेरा दिला आणि दोन्ही थाळ्या संपवायला हातभार लावला. जिराफाकडे त्यांनी फारसे पाहिले नाही.

राहिले स्नॅक. रोज माणशी एक, पण ते संपेनात. कारण आजींची पिशवी. निघण्याआधी त्यांनी न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटली होती. या उद्यानांत घरचे खाणे नेता येते. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. दीड तासाच्या रांगेत उभे असताना नातू पॉपकॉर्न न मागता दशमी मागे. सुनेला एकदा राहवले नाही. ''अहो आई, तिथे क्रेडिट वाया जातायत आणि तो घरचंच खातोय!''

''अगं, भूक लागली त्याला. भुकेला काय ठाऊक पैसे कुठे भरलेत ते?''

सून रागावली, मग हसली, आणि तिनेही एक दशमी घेतली. थंड पाणीही काउंटरवर फुकट मिळते, हा शोध आजोबांनी लावला होता. लोक त्याच पाण्याची बाटली स्नॅकचे क्रेडिट खर्चून घेतात, याचे त्यांना फार आश्चर्य वाटे.

निघायच्या दिवशी अकरा स्नॅक शिल्लक होते. विमान संध्याकाळचे. मुलाने उंदराच्या तोंडाच्या आकाराची अकरा आइस्क्रीम एकदम घेतली. सहा जणांनी सहा घ्यायची, तर आजोबांनी मान हलवली. उरलेली सहा हातात वितळू लागली. शेजारच्या बाकावर एक बाई चार मुलांना घेऊन बसली होती. आजींनी कुणाला न विचारता तिच्या मुलांच्या हातात एकेक दिले. एक त्या बाईला. राहिलेले शेवटचे नातवाने खाल्ले आणि गाडीत त्याचे पोट दुखले.

पुण्याला परतल्यावर आजोबांनी प्रवासाची वही पुरी केली. विमान, विमा, औषधे, भेटवस्तू, सगळे तारीखवार. जेवण या सदरासमोर त्यांनी 'मुलाने घातले' असे लिहिले. खाली टीप, तीन वेळा, आणि रोट्यांच्या दोन थाळ्या, डॉलर आणि रुपये दोन्हींत. आजींनी चष्मा लावून पान वाचले.

''आणि माझ्या दशम्या कुठे लिहिल्यात?''

आजोबांनी पेन पुन्हा उघडले. ''किती केल्या होत्यास?''

''चाळीस. आणि एकही टाकली नाही, हेही लिहा.''