चुकलेला दृष्टांत



कीर्तनकाराला दोन गोष्टींचे भय असते. एक पाठांतर चुकण्याचे आणि दुसरे दृष्टांत चुकण्याचे. पाठांतर चुकले तर मागचा टाळकरी चरण उचलून सावरून घेतो. दृष्टांताचे तसे नाही. श्रोता तो घरी घेऊन जातो, सुनेला सांगतो, नातवाला सांगतो. एकदा दिलेला दृष्टांत परत मागवता येत नाही. माझा असाच एक दृष्टांत चुकला आणि तो मी कितीतरी गावांत दिला. आज ती चूक तुमच्यापुढे कबूल करायला बसलो आहे.

मी मावळातला. भाताची खाचरे आणि पंढरीची वारी, यातच जन्म गेला. पंचेचाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. आता वय शहात्तर. गुडघे फार वेळ उभे राहू देत नाहीत, आवाज वरच्या चालीला पोहोचत नाही, म्हणून सेवा थांबवली. पण उमेदीच्या काळात सप्ताहाच्या कीर्तनात हा दृष्टांत हमखास यायचा. झाड जागचे उपटले की वाळते, मग त्याला गंगेचे पाणी घाला की दूध घाला. तसा मनुष्य आपली माती आणि संतांची पायरी सोडून परमुलखात गेला की वरून पैशाने हिरवा दिसतो, आतून वाळतो. ज्यांची मुले दूर गेली होती त्या माउल्या डोळ्यांना पदर लावायच्या. मला वाटे, दृष्टांत लागला.

एका वर्षी तो मी आमच्या गावच्याच सप्ताहात दिला. माझा धाकटा मुलगा मागे टाळ घेऊन उभा होता. चार दिवसांनी तो नोकरीसाठी न्यूझीलंडला निघणार होता. मी मुद्दाम दिला, हेही सांगून टाकतो. घरात जे बोलता आले नाही ते मी कीर्तनात बोललो आणि त्याला उलट बोलता येणार नाही अशा जागी बोललो. त्याचा टाळ चुकला नाही. निघताना पाया पडला आणि गेला. त्याला आता एकोणीस वर्षे झाली. दर रविवारी फोन येतो. भात कसे आहे, गुडघा कसा आहे, सगळे विचारतो. पण त्या कीर्तनाचा विषय त्याने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी पायी वारी बंद केली. तुकोबारायांची पालखी देहूतून निघेल आणि आपण ओट्यावर बसून राहू, हे मला सोसवेना. मुलगा म्हणाला, “नाना, या वर्षी माझ्याकडे या.” आमची मंडळी असती तर तिने केव्हाच बोचके बांधले असते. ती गेल्यापासून मला कुठे हलावेसे वाटत नव्हते. तरी गेलो.

तिकडे आषाढ म्हणजे ऐन थंडी. ऑकलंडला त्याच्या घरी आठ दिवस खिडकीतून पाऊस बघितला. मग एक दिवस त्याने गाडी काढली आणि तीन तासांच्या वाटेवर रोटोरुआ नावाच्या गावी मला आणि नातवाला नेले. त्या गावात शिरताच गंधकाचा वास येतो. जागोजागी जमिनीतून वाफा निघतात, चिखल रटरट उकळतो. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना थोडी कल्पना येईल. गावाला लागूनच व्हाकारेवारेवा नावाचे वन आहे. नाव माओरी लोकांच्या भाषेतले, कारण मुळात भूमी त्यांची.

माउली, त्या वनात पाऊल टाकले आणि मी बोलायचा थांबलो. आळंदीला गाभाऱ्याच्या दाराशी आवाज आपोआप खाली येतो, तसा आला. सरळ वर गेलेले तांबूस बुंधे. मान मागे टाकली तर टोपी पडली, तरी शेंडा दिसेना. ७० मीटरहून उंच झाडे आहेत तिथे, म्हणजे वीस-बावीस मजल्यांची इमारतच. सालीला हात लावला तर ती नारळाच्या काथ्यासारखी, तंतूतंतूंची. खाली सगळी माती पडलेल्या पानांनी मऊ झालेली. नातवाने एक फळ उचलून माझ्या हातावर ठेवले. एवढ्या झाडाचे फळ बोराएवढे आणि त्यातले बी टोमॅटोच्या बीएवढे.

मी मुलाला विचारले, “ही इथली देवराई का रे?”

तो म्हणाला, “नाही नाना. ही झाडे इथली नाहीत.”

मग त्याने मला सगळे सांगितले. ही रेडवूडची झाडे मूळची अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची, म्हणजे अथांग महासागराच्या पलीकडची. जगातले सर्वांत उंच झाड याच जातीचे असून ते तिकडे ११५ मीटरच्या वर गेले आहे. दोन हजार वर्षे जगलेली झाडे तिकडे आहेत, म्हणजे ज्ञानोबारायांच्याही आधी हजाराहून अधिक वर्षे उगवलेली. न्यूझीलंडमध्ये वसाहतवाल्यांनी मूळची जंगले तोडली. लाकूड कमी पडेल अशी चिंता लागली आणि तिथल्या झाडांना वाढायला फार काळ लागतो. म्हणून परदेशी झाडांच्या अनेक जाती आणून लावून पाहिल्या. हे रेडवूडचे वन १९०१ सालचे. लावले ते लाकडासाठीच. पुढे पहिल्या महायुद्धात वनखात्याची माणसे कामी आली, तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून हे वन राखले गेले. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांचीही आठवण मग तिथेच जोडली गेली. मला वाटले, ती पोरे परक्या मुलखात मातीआड झाली आणि त्यांच्या गावी त्यांच्या नावाने परक्या मुलखातली झाडे उभी आहेत.

तिकडे जन्मभूमीत मात्र या झाडांची दैना झाली. सोने शोधायला आणि घरे बांधायला आलेल्यांनी करवती चालवल्या. जुन्या अरण्याचा वीस भागांतला जेमतेम एक भाग राहिला. तो आता तिथले लोक जिवापाड जपतात.

मी ऐकत होतो आणि मनात काहीतरी टोचत होते. जागचे उपटलेले झाड वाळते, असे मी सांगत आलो. इथे तर पाहुणे म्हणून आलेले झाड सव्वाशे वर्षे उभे होते, बारमाही पावसाच्या त्या मुलखात जोमाने वाढत होते. आणि त्याच्या सावलीत नेच्याची झाडे वाढली होती, माणसापेक्षा उंच, छत्रीसारखी पसरलेली. ती तिथली, मूळची. परक्याच्या सावलीत घरचे झाड सुखाने उभे होते.

नातू वरच्या झुलत्या पुलांवर गेला. झाडाझाडांमधून पूल टांगले आहेत आणि झाडाला खिळा न ठोकता टांगले आहेत, हे मला फार आवडले. माझे गुडघे चढण्यासारखे नव्हते. मुलगा माझ्यापाशी बाकावर बसला. मी सहज म्हणालो, “एवढे उंच झाड, याची मुळे पाताळात गेली असतील.”

तो म्हणाला, “नाही. दोन-चार मीटरपेक्षा खाली जात नाहीत. आडवी पसरतात, पार तीस मीटरपर्यंत. शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंततात. एकमेकांना धरून उभी राहतात, म्हणून वाऱ्याला टिकतात.”

थोडा वेळ गेला. मग तो खाली बघतच बोलला, “नाना, तुमचा तो दृष्टांत मला पहिल्या वर्षी रोज आठवायचा. रात्री खोलीवर येऊन पडलो की वाटायचे, मी वाळतोय का? मग आपली चार घरे भेटली. एकादशीला हरिपाठ सुरू झाला. शेजारी एक म्हातारी गोरी बाई होती, ती आजारी पडली तेव्हा हिने तिला महिनाभर डबा दिला. तिच्या मुलाने मला गाडी शिकवली. असे करत करत राहिलो.” आणि थांबून म्हणाला, “नाना, आपण भात लावतो तेव्हा रोप उपटूनच लावतो ना?”

माउली, मला कुणीतरी भर कीर्तनात थांबवावे तसे झाले. मी मावळातला शेतकरी. राब भाजायचा, रोप टाकायचे, वीस-पंचवीस दिवसांनी ते उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायचे. जन्मभर कंबर मोडून हे केले. रोप जिथे उगवले तिथेच राहिले तर दाटीत पिवळे पडते, दाणा धरत नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लावणी उरकून मी वारीत सामील व्हायचो, हाताचा चिखल धुतलेला नसायचा, आणि पुढच्या मुक्कामी सांगायचो की उपटलेले वाळते!

त्याहून मोठी चूक तर शास्त्राची होती. ज्यांच्या पायरीला हात लावून आपण महाद्वारातून आत जातो ते नामदेवराय पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ही गोष्ट मी किती अभिमानाने सांगत असे! नामदेवरायांनी पंढरीचे बी परमुलखात रुजवले म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि त्याच कीर्तनात स्वतःच्या पोराला उपटलेले झाड म्हणायचे. आणि आपला पांडुरंग तरी कुठला? तो द्वारकेहून दिंडीरवनात आला, असे आपण सांगतो. पाहुणा म्हणून आला आणि दिलेल्या विटेवर उभा राहिला.

मी मुलाला म्हणालो, “चुकलो रे.” तो काही बोलला नाही. माझी शाल सरकली होती ती नीट केली.

जे परदेशी ते सगळे चांगले, असे मात्र मी म्हणत नाही. त्याच न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेले काही पाइन डोंगरांवर मोकाट सुटले आहेत. ते तिथल्या मूळच्या गवताला, झुडपांना जगू देत नाहीत. लोकांना ते उपटून काढावे लागतात. आपल्याकडे घाणेरीने काय केले ते रानात जाणाऱ्याला विचारा. शोभेचे झुडूप म्हणून आली आणि सगळ्या डोंगरांवर माजली. पाहुणा कुठून आला यापेक्षा तो कसा राहतो हे बघावे. शेजाऱ्याला धरून राहतो की शेजाऱ्याला मारून?

आणि प्रत्येक झाड उपटून लावता येते असेही नाही. मुलगा म्हणाला, नाना, आता इथेच राहा. मी म्हणालो, बाबा, रोप लावता येते, जून झाड लावता येत नाही. माझी मुळे इंद्रायणीकाठी गेली आहेत, ती आता सुटायची नाहीत. त्याला वाईट वाटले, पण पटले. या वेळी आम्ही दोघेही एकमेकांना खरे बोललो.

या झाडाची आणखी एक रीत त्याने जाता जाता सांगितली. रेडवूड तोडले तरी मरत नाही. बुंध्याभोवती कोंब फुटतात, ते मोठे होतात आणि गेलेल्या झाडाभोवती नव्या झाडांचे कडे उभे राहते. मला बाजीरावाच्या विहिरीचे रिंगण आठवले. मधली जागा रिकामी आणि भोवती सगळे उभे. आमची मंडळी गेल्यापासून घरात जी जागा रिकामी आहे, तिच्याभोवती ही मुले-नातवंडे उभी आहेत. त्यातला एक जण दूर उभा आहे, इतकेच.

आषाढीला मुलाच्या घरी पाच-सहा कुटुंबे जमली. मृदंग नव्हता, तबला होता. मी खुर्चीवर बसून तासभर सेवा केली. आवाज दोनदा फाटला. शेवटी मी सर्वांसमोर सांगितले की एकोणीस वर्षांपूर्वी मी या मुलाला भर कीर्तनात एक दृष्टांत दिला होता, तो चुकीचा होता, तो मी मागे घेतो. मग नामाचा गजर सुरू केला. मुलगा मागे टाळ घेऊन उभा होता. त्या दिवशी मात्र त्याचा टाळ चुकला.

वाचक माउली, तुमच्यापैकी कोणी तो दृष्टांत माझ्या तोंडून ऐकला असेल. ऐकून कोणी घरी दूर गेलेल्या लेकराला तसे बोलले असेल, तर त्याचा दोष माझा आहे. या रविवारी त्याला फोन करा आणि एवढेच विचारा की तुझ्या शेजारी कोण राहते, त्यांचे-तुझे बरे आहे ना? आणि माझा दृष्टांत तेवढा दुरुस्त करून घ्या. झाड उपटल्याने वाळत नाही, एकटे पडल्याने वाळते.

राम कृष्ण हरि.