‘नंबर’

इंग्रजीतून आपल्या घरात शिरलेले शब्द पुष्कळ आहेत. परंतु ज्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही, असा शब्द म्हणजे ‘नंबर’. ज्या आजीबाईंना इंग्रजीचे एक अक्षर ठाऊक नाही, त्यांनाही हा शब्द बिनचूक वापरता येतो. इंग्रजी शिकविणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी या शब्दाचा काही काळ माग घेतला. त्यात जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मूळ इंग्रजीत या एका शब्दाकडे कितीतरी कामे आहेत. गणितात तो संख्या होतो, व्याकरणात वचन होतो, मासिकाच्या मुखपृष्ठावर अंक होतो. पवित्र शास्त्रातील ज्या पुस्तकाला इंग्रज याच शब्दाच्या अनेकवचनाने ओळखतात, त्याला मराठी भाषांतरकारांनी ‘गणना’ असे नाव दिले. आपल्या भाषेने प्रत्येक कामास निराळा माणूस नेमला. साहेबाने मात्र सर्व संसार एकाच गड्यावर टाकला!

हा गडी आपल्याकडे आला आणि त्याने नवीच कामे पत्करली. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरपाशी हंडा ठेवून एखादी बाई ‘माझा नंबर’ म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ पाळी. दवाखान्यात आपण नंबर लावतो. महाविद्यालयात नंबर लागला म्हणजे प्रवेश मिळाला. शेतकऱ्याच्या तोंडी गट नंबर म्हणजे प्रत्यक्ष जमीन. गावनमुना ७ आणि गावनमुना १२ या दोन नुसत्या आकड्यांचा तर ‘सातबारा’ होऊन बसला आहे. परगावी ‘एम. एच. २०’ अशी पाटी मिरविणारी मोटार दिसली की आपल्या शहरचे माणूस भेटल्याचा आनंद होतो. ‘एक नंबर’ म्हणजे उत्तम. मग ‘दोन नंबर’ म्हणजे त्याहून किंचित कमी असावयास हवे. परंतु लोकांनी त्या बिचाऱ्या दोनाला थेट चोर ठरविले! आणि चष्म्याचा नंबर? तो वाढला की घरात आनंद होत नाही, काळजी उत्पन्न होते.

इतके अर्थ सहज ओळखणारे आपण शाळेच्या निकालादिवशी मात्र एकच अर्थ जाणतो. मागे एका विद्यार्थ्याचे गुण शेकडा ५२ वरून ६४ वर गेले. त्याने वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला होता. परंतु वर्गातील इतरांनीही मेहनत केल्यामुळे त्याचा नंबर अठरावाच राहिला. वडिलांनी प्रगतिपुस्तक उघडले, तो आकडा पाहिला आणि ते मिटले. “तिथेच आहेस,” एवढेच ते बोलले. मुलगा खरोखर तिथेच होता काय? आपल्यापुढे किती जण उभे आहेत, इतकेच नंबर सांगतो. आपण किती चाललो, हे तो सांगत नाही.

त्याच वर्षी आमची सहल अजिंठ्यास गेली. एका मुलीने विचारले, “पहिल्या नंबरचे लेणे सर्वांत जुने ना?” मी म्हटले, “नाही. हे नंबर डोंगराच्या एका टोकापासून ओळीने दिलेले आहेत. पहिल्या नंबरचे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. नववे आणि दहावे मात्र ख्रिस्तपूर्व काळातील, त्याच्याहून कित्येक शतकांनी वडील.” दहाव्यातच १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरले. वेरूळचे कैलास लेणे तर सोळाव्या नंबरचे! त्या अखंड पाषाणातून खोदलेल्या मंदिरापुढे उभे राहून “सोळावेच काय?” असे म्हणून नाक मुरडणारा मनुष्य मी आजवर पाहिला नाही. हे मी बोलत असता आमचा अठरावा विद्यार्थी शेजारीच उभा होता. तो किंचित हसला.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे की, यंदा प्रगतिपुस्तक हाती येईल तेव्हा गेल्या वर्षीचेही शोधून काढावे आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलासमवेत वाचावीत. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही आपले जुने प्रगतिपुस्तक जपून ठेवा. नंबर इतरांच्या चालीवरही अवलंबून असतो. आपली चाल मात्र आपल्या हाती असते.