डीएनएस सर्व्हर: नुसता चालू की बरोबरही?

नागिओस या देखरेख प्रणालीत डीएनएस सर्व्हर तपासायला ‘चेक_डीएनएस’ नावाचा छोटा प्लगइन असतो. तो स्वतः फारसे काही करत नाही. ‘एनएसलुकअप’ या आज्ञेला एका नावाचा पत्ता विचारायला लावतो आणि निकाल आकड्यात कळवतो: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात.

प्लगइन चालवताना मोठ्या ‘एच’ या पर्यायापुढे शोधायचे नाव लिहायचे, छोट्या ‘एस’पुढे सर्व्हर. ‘एस’ राहून गेला तर प्रश्न यंत्राच्या नेहमीच्या सर्व्हरकडे जातो आणि तपासायचा तो बाजूलाच राहतो.

खरी मेख छोट्या ‘ए’त आहे, म्हणजे अपेक्षित पत्त्यात. तो दिला नाही तर कुठलाही पत्ता आला तरी प्लगइन खूश! नेमका हाच पर्याय गाळला जातो. दुसरी अडचण अशी: साठवलेली उत्तरे देणारा सर्व्हर असेल, तर बाहेरची वाट तुटल्यावरही टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) संपेपर्यंत सारे आलबेल दिसते.

शिवाय ही चौकशी सहसा यूडीपीच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. फायरवॉलने टीसीपी अडवले असेल तर ते इथे कळत नाही. त्यासाठी ‘चेक_डिग’ हा दुसरा प्लगइन घ्यावा आणि त्याला टीसीपीने विचारायला लावावे.